२५ हजारांत डाइव्ह कॉम्प्युटर: मालवणच्या एका गाईडचं प्रकरण

मालवणातला पंचविशीचा एक मुलगा. वडील मासेमारी करतात. तो स्वतः गेले काही मोसम पर्यटकांना स्कुबा करवणाऱ्या होडीवर गाईड आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर, पाच ते आठ मीटर पाण्यात, पाहुण्याच्या बीसीडीला (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जाकिटाला) मागून धरून खाली न्यायचं, माशांमध्ये फिरवायचं, व्हिडिओ काढायचा आणि वर आणायचं. सकाळपासून दुपारपर्यंत हेच काम. सवडीने त्याने ॲडव्हान्स्ड आणि रेस्क्यू हे दोन्ही कोर्स पूर्ण केले, आणि आता डाइव्हमास्टरची, म्हणजे व्यावसायिक गाईडच्या पहिल्या पायरीची, तयारी चालू आहे. ते झालं की पुढचा मोसम अंदमानात, स्वराज द्वीपवर (जुन्या हॅवलॉकला), नोकरी करायची असा बेत.

आजवर त्याने स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग मोजून पाण्यात अजून किती थांबता येईल ते सांगणारं यंत्र, घेतलेला नव्हता. होडीवर जो मोकळा असेल तो मनगटावर चढवायचा, नसेल तर नुसता खोलीमापक बघून उतरायचं. आता टिपा आणि पगारातून बाजूला टाकलेले २५ हजार हातात होते. मी त्या किनाऱ्यावर शिकवतो म्हणून तो माझ्याकडे आला. "दादा, पैशे एकदाच घालूचे आसत. खंयचो घेव?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही बऱ्यापैकी वेळ घेतला. तो सगळा विचार इथे मांडतोय, कारण कोकण किनाऱ्यावर आणि कर्नाटकातल्या मुर्डेश्वर-नेत्राणीकडेही अशी अनेक मुलं आहेत. रोज पाण्यात उतरतात, कमाई मोसमापुरती, आणि कॉम्प्युटर म्हणजे चैनीची वस्तू असा समज पक्का बसलेला. माझ्या मते रोज पाण्यात जाणाऱ्यालाच तो सगळ्यात आधी हवा.

दोन पाणी, दोन वेगळे धोके

सुरुवात आम्ही मॉडेलच्या नावांपासून केली नाही. तो वर्षभरात कुठे, किती खोल आणि दिवसातून किती वेळा उतरणार, हे आधी कागदावर लिहिलं.

पाण्याच्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो, आणि तो जास्त साचला किंवा घाईने वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात. मालवणात आठ मीटरवर ही नायट्रोजनची चिंता फारशी नाही. इतक्या उथळ पाण्यात नो-डेको वेळ, म्हणजे वर येताना वाटेत सक्तीने न थांबता खाली राहता येणारी वेळ, तासांमध्ये मोजावी लागते. कित्येक कॉम्प्युटर ९९ मिनिटांचा आकडा दाखवून तिथेच थांबतात. त्यामुळे गाईड मुलांना वाटतं की आपल्याला हे यंत्र काय कामाचं. पण आठ मीटरवर दाब १.८ बार असतो आणि पृष्ठभागावर १ बार. म्हणजे श्वास रोखून कोणी वर आला तर फुप्फुसातली हवा जवळजवळ दुप्पट व्हायला बघते. हवेच्या आकारमानात सगळ्यात मोठा फरक शेवटच्या दहा मीटरमध्येच पडतो. मिनिटाला नऊ मीटर या आजच्या सर्वसाधारण मर्यादेने आठ मीटर वर यायला पाऊण मिनिटाहून जास्त लागलं पाहिजे. घाबरलेला पाहुणा ते अंतर दहा सेकंदांत कापतो, आणि त्याला धरून असलेला गाईडही त्याच्यासोबत वर फेकला जातो. दिवसात असं एकदा झालं तरी ते फार झालं.

शिवाय चढउतारांची संख्या. एका पाहुण्याला वर सोडायचं, दुसऱ्याला घेऊन लगेच खाली जायचं. डाइव्ह कॉम्प्युटर मुळात रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेल्या नायट्रोजनचा हिशोब करतो. वारंवार वर येण्याने शिरांमधल्या सूक्ष्म बुडबुड्यांचं काय होतं याचा अंदाज काही यंत्रं धरायचा प्रयत्न करतात, पण त्यावर विसंबून राहण्यासारखं ते नाही. म्हणून मालवणच्या कामात 'कॉम्प्युटर काही बोलला नाही, म्हणजे सगळं ठीक' असं म्हणता येत नाही. इथे त्याचा उपयोग वेगळा आहे: वर येण्याचा वेग डोळ्यांसमोर दिसणं, मर्यादा ओलांडली की लगेच इशारा मिळणं, आणि दिवसभरात आपण किती वेळा खाली-वर केलं याची नोंद राहणं. आमच्याकडे कित्येक दिवस पाणी गढूळ असतं, तीन-चार मीटरपलीकडे दिसत नाही. खडक किंवा दोरी नजरेत नसली की आपण किती वेगाने वर चाललोय हे अनुभवी माणसालाही कळत नाही.

अंदमानचं पाणी निराळं. हॅवलॉकच्या जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल यांसारख्या जागांवर तीस मीटरच्या आसपास जावं लागतं. कामाच्या दिवशी दोन-तीन डाइव्ह आणि असे सलग अनेक दिवस. तिथे नायट्रोजन खरोखर साचत जातो. पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या छापील तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरला फक्त २०. तक्ता असंही धरून चालतो की तुम्ही पूर्ण वेळ सगळ्यात खोल जागीच होतात. प्रत्यक्षात गाईड दहा मिनिटं खोल जातो आणि मग हळूहळू पंधरा मीटरवर, दहावर येत राहतो. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी खोली मोजून खरा आलेख धरतो, म्हणून पाण्यातला वेळ वाढतो आणि तरी हिशोब सुटत नाही. तिथे कॉम्प्युटरशिवाय पाहुण्यांना खोल नेणं हा बेजबाबदारपणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही पाण्यांना लागू पडणारी गोष्ट म्हणजे यंत्र स्वतःचं हवं. उसना घेतलेला कॉम्प्युटर काल दुसऱ्याच्या मनगटावर होता. त्याच्या स्मरणात त्या माणसाचा नायट्रोजन आहे, तुमचा नाही. दोघांनी मिळून एक वापरणं हेही चुकीचं. एक जण दोन मीटर वर, दुसरा दोन मीटर खाली असला की दोघांचे आकडे वेगळे झाले.

अल्गोरिदमची भीती

दुकानांच्या जाहिराती आणि व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात अल्गोरिदमचा, म्हणजे यंत्र कुठल्या सूत्राने नायट्रोजनचा हिशोब करतं याचा, मोठा गोंधळ झाला होता. तो दूर करायला थोडा इतिहास सांगावा लागला.

जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली पहिला नीट मांडलेला हिशोब दिला. शरीरातल्या ऊती वेगवेगळ्या गतीने नायट्रोजन घेतात आणि सोडतात असं धरून त्याने पाच गट पाडले. सगळ्यात वेगवान गट पाच मिनिटांत अर्धा भरणारा, सगळ्यात मंद ७५ मिनिटांत. पुढे झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी हे गट सोळापर्यंत नेले, चार मिनिटांपासून ६३५ मिनिटांपर्यंत. आजचे बहुतेक कॉम्प्युटर याच घराण्यातले. ब्रूस विंकी यांनी मांडलेला आरजीबीएम हा प्रकार त्यावर बुडबुड्यांचा विचार चढवतो: लागोपाठच्या डाइव्ह, मधली अपुरी विश्रांती, पहिल्यापेक्षा खोल दुसरी डाइव्ह, घाईने वर येणं, या सगळ्यांसाठी नो-डेको वेळ कमी करतो. १९८३ साली ऑर्का एज हे यंत्र बाजारात आलं तेव्हा एका हौशी डाइव्हरच्या हातात असा हिशोब येणं हीच मोठी गोष्ट होती. आज सगळ्यात स्वस्त मॉडेलही तो हिशोब करतं.

मग फरक कुठे पडतो? सावधपणाच्या पातळीत. ३० मीटरच्या पहिल्या डाइव्हला एक यंत्र वीस मिनिटं देईल, दुसरं त्याहून तीन-चार कमी. दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला हे अंतर आणखी वाढतं. आम्ही ओळखीतल्या लोकांचे दोन-तीन कॉम्प्युटर मागून आणले, टेबलावर शेजारी ठेवले आणि प्लॅन मोडमध्ये (डाइव्हचा आधी अंदाज दाखवणाऱ्या सोयीत) खोलीमागे खोली टाकून त्यांची नो-डेको वेळ वहीत उतरवली. पाण्यात न उतरता होणारी ही तपासणी प्रत्येकाने खरेदीपूर्वी करावी. आकडे शेजारी-शेजारी बघितले की 'कुठला चांगला' हा प्रश्न 'कुठला माझ्या कामाला जुळतो' असा होऊन जातो.

गाईडला जास्त सावध यंत्र अडचणीचं ठरेल का, ही त्याची रास्त शंका होती. पाहुण्याच्या कॉम्प्युटरवर अजून आठ मिनिटं शिल्लक आणि गाईडच्यावर तीनच, असं होऊ शकतं. पण गटात जो सगळ्यात सावध कॉम्प्युटर असेल त्याप्रमाणे सगळ्यांनी वर यायचं, हा डाइव्हिंगमधला जुना आणि चांगला रिवाज आहे. पाहुणा आठवडाभरासाठी येतो. गाईड महिनोन्महिने रोज उतरतो, त्यामुळे कमी मिनिटं त्याच्याच वाट्याला यावीत. पाहुण्याने कुरकुर केली तर ती ऐकून घ्यावी.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पुण्यातल्या एका डाइव्हरने विकायला काढलेलं जुनं घड्याळवजा मॉडेल. मूळ किंमत मोठी, मागणी १८ हजारांची, सोबत टाकीतला दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर. दिसायला देखणं. मुलाचा जीव त्याच्यावर जडला होता आणि त्यात नवल नाही.

दुसरा पर्याय नव्या, सुरुवातीच्या श्रेणीतल्या कॉम्प्युटरचा. इथे तीन नावं विचारात होती: क्रेसी लिओनार्दो, मारेसचं पक कुटुंब आणि सुंतो झूप नोव्हो. तिन्ही मनगटावर बांधायचे, मोठ्या आकड्यांचे, दिसायला जाडजूड. तिन्हींत हवेसोबत नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनचं मिश्रण) चालतं, तिन्हींचा सेल आपला आपण बदलता येतो. लिओनार्दोला एकच बटण, झूपला चार. लिओनार्दोत २४३० क्रमांकाचा सीआर सेल, झूप आणि पक प्रोमध्ये २४५०.

तिसरा पर्याय शेअरवॉटर पेरेग्रिन. २०२० साली आलेलं हे यंत्र मला मनापासून आवडतं. रंगीत पडदा गढूळ पाण्यातही लख्ख वाचता येतो, इशारा मनगटावर थरथरून देतो, आणि ब्यूलमानच्या हिशोबात सावधपणा किती हवा हे आपल्याला ठरवता येतं. शिवाय मेनू इतका साधा की पुस्तिका उघडावी लागत नाही. पण किंमत त्याच्या बजेटच्या दुपटीच्या घरात. दुबईतला चुलतभाऊ येताना आणेल आणि उरलेली रक्कम आईच्या बचत गटातून कर्ज काढून भरू, असं घरात बोलणंही झालं होतं. मी त्याला सरळ नको म्हटलं. पावसाळ्याचे चार महिने इथे डाइव्हिंग बंद असतं, होडी वर काढलेली असते आणि कमाई शून्यावर येते. त्या महिन्यांत हप्ता भरायला लागणारी वस्तू कितीही चांगली असो, या मुलासाठी ती आत्ता योग्य नव्हती. परदेशातून आणलेल्या यंत्राची वॉरंटी इथे चालेलच असंही नाही, आणि परतीच्या वाटेवर कस्टमचा प्रश्न वेगळा.

चौथा पर्याय त्याच्या मित्रांनी सुचवला: स्मार्टवॉच. ॲपल वॉच अल्ट्रा २०२२ पासून ४० मीटरपर्यंत डाइव्ह कॉम्प्युटरचं काम करू शकतं, पण त्यासाठी वेगळं ॲप आणि त्याची वर्गणी लागते, आयफोन लागतो, आणि एकूण खर्च बजेटच्या कितीतरी बाहेर जातो. बाकी स्वस्त घड्याळांवर '५० मीटर वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असतं, ते फक्त घड्याळाच्या कवचाबद्दल असतं. नो-डेको वेळ, वर येण्याचा वेग, ऊतींचा हिशोब यांतलं काहीही त्यात नसतं. हा पर्याय पाच मिनिटांत निकालात निघाला.

विहिरीतली तपासणी

जुन्या घड्याळाला मी आधीच नकार देऊ शकलो असतो. पण वस्तू हातात घेऊन तपासावी आणि त्याने स्वतः ठरवावं, असं मला वाटलं. विक्रेत्याने ते तपासायला पाठवलं.

आधी बाहेरून बघितलं. पडद्यावरचे सगळे आकडे पूर्ण उमटतात का, कुठला भाग मंद आहे का. बटणं दाबल्यावर अडकतात का. जोडणीच्या पितळी ठिपक्यांवर हिरवट थर आला आहे का. मग खोली. त्याच्या घरामागच्या विहिरीला तेव्हा चांगलं पाणी होतं. जाळ्याच्या नायलॉन दोरीवर पाच मीटरची खूण बांधली, खाली शिशाचं वजन अडकवलं, आणि त्या वजनाला जुनं घड्याळ, माझा कॉम्प्युटर आणि एका मित्राचा लिओनार्दो असे तिन्ही शेजारी-शेजारी बांधले. खूण पाण्याच्या पातळीला येईपर्यंत हळूहळू सोडलं, काही मिनिटं तसंच धरलं आणि सावकाश वर घेतलं. मुलाचे बाबा रहाटाशी उभं राहून दोरी धरत होते. खूण पाण्याला टेकली की नाही हे त्यांच्याइतकं अचूक कोणी सांगितलं नसतं.

नोंदी उघडल्या. कमाल खोली: ४.९, ४.९, ४.८. पाच का नाही, असं त्याने लगेच विचारलं. हे कॉम्प्युटर दाब मोजतात आणि खाऱ्या पाण्याची घनता धरून त्याची खोली करतात. विहिरीचं पाणी गोडं, हलकं, म्हणून दोन-तीन टक्के कमी दाखवणं बरोबरच आहे. तिन्हींचं एकमेकांशी जुळलं, म्हणजे जुन्या घड्याळाचा दाबाचा सेन्सर शाबूत होता. जुनं यंत्र घेणाऱ्याने ही तपासणी जरूर करावी. खोली कमी दाखवणारा कॉम्प्युटर नुसता बंद पडणाऱ्यापेक्षा घातक, कारण बंद पडलेला निदान आपल्याला कळतो.

म्हणजे घड्याळ परीक्षेत पास झालं. मुलाच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. त्याने ते पालथं केलं, मागची बाजू निरखली, बोट फिरवलं. झाकण नव्हतंच. "दादा, पण ह्येचो सेल खंय गावतलो?"

तोच प्रश्न निर्णायक ठरला. त्या घड्याळात आत बंद केलेली, चार्ज होणारी बॅटरी होती. वर्षानुवर्षं वापरलेली. मॉडेलचं उत्पादन थांबलेलं. बॅटरी बदलायची तर यंत्र कंपनीच्या सेवा केंद्रात पाठवायचं, ते मालवणच्या जवळपास नाही. जाणं-येणं, बॅटरी, दाबाची चाचणी आणि वाट बघण्याचे आठवडे. ऐन मोसमात हे झालं तर रोजगार बुडणार, नाहीतर तो कॉम्प्युटरशिवाय उतरणार. दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते.

ट्रान्समीटरचंही तेच. त्याची वेगळी बॅटरी, वेगळं सील. आणि गाईडचं लक्ष सतत पाहुण्याच्या गेजवर असतं. स्वतःच्या टाकीचा दाब त्याला साध्या गेजवर वाचता येतो. त्या सोयीसाठी एवढे पैसे मोजण्याची त्याला गरज नव्हती. घड्याळ परत गेलं.

पैशांची वाटणी

नव्या तिघांतून निवड करताना आणखी एक गोष्ट मी आग्रहाने पुढे आणली. २५ हजार हे कॉम्प्युटरचं बजेट धरायचं नाही. ते पाण्याखालून सुखरूप वर येण्याचं बजेट आहे. त्याच्याकडे स्वतःचा फुगवायचा मार्कर, म्हणजे एसएमबी, आणि त्याची रीळ नव्हती. तारकर्ली-मालवणच्या पाण्यात मोसमात जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंगच्या होड्या, मच्छीमारांची इंजिनं हे सगळं डोक्यावरून फिरत असतं. सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना खबरदारी म्हणून, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असेल तर वर नारिंगी मार्कर दिसायला हवा. अंदमानात प्रवाह होडीपासून दूर नेतो तेव्हाही तोच कामी येतो. एसएमबी, रीळ, सुट्टे सेल, ओ-रिंग (झाकणाखालचं पाणी अडवणारं रबरी कडं) आणि थोडं सिलिकॉन ग्रीस यांना पाच हजारांच्या आसपास बाजूला काढले. उरले वीस.

वीसमध्ये त्याने लिओनार्दो निवडला. माझा कल झूपकडे होता, चार बटणांमुळे मेनूतून पटकन फिरता येतं म्हणून. पण त्याचं म्हणणं वेगळं होतं आणि ते पटण्यासारखं होतं. पाण्यात त्याचा एक हात कायम पाहुण्यावर असतो. एका बटणाचं यंत्र त्याने मित्राकडून घेऊन तळ्यासारख्या शांत पाण्यात वापरून बघितलं आणि न बघता त्याला ते चालवता आलं. आकडे मोठे, वेगाची पट्टी नजरेत भरणारी, बझरचा आवाज ऐकू येणारा. अल्गोरिदम क्रेसीने विंकींसोबत बसवलेला आरजीबीएम, लागोपाठच्या डाइव्हना कडक. त्याच्या कामाला तो कडकपणा हवाच. किंमतही तिघांत कमी, म्हणजे त्या आठवड्यात दुकानदाराने दिलेल्या भावात १९ हजारांच्या आत बसणारी.

उणिवाही आहेत, त्या त्याने समजून घेतल्या. नोंदी मोबाइलवर उतरवायच्या तर वेगळा इंटरफेस विकत घ्यावा लागतो. तो त्याने टाळला. मालवणातल्या छोट्या-छोट्या डाइव्हनी यंत्राची मेमरी भराभर भरते आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. डाइव्हमास्टरच्या प्रमाणपत्राला ६० नोंदलेल्या डाइव्ह लागतात. म्हणून त्याने वही घातली: तारीख, जागा, कमाल खोली, वेळ, आणि एक जादा रकाना, 'किती वेळा वर आलो'. हा रकाना मी सुचवला. संध्याकाळी तो आकडा बघून दुसऱ्या दिवशीचं काम मालकाशी बोलून वाटून घेता येतं.

वापरताना

सेल बदलणं मी त्याच्याकडून समोर बसवून करून घेतलं. यंत्र गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, पंख्याखाली नाही आणि वाळूजवळ तर नाहीच, पांढऱ्या कापडावर ठेवायचं. नाण्याने झाकण फिरवायचं. ओ-रिंग टोकदार सुईने काढायची नाही. दोन बोटांनी दाबली की ती आपोआप उचलली जाते. ती उजेडात ताणून बघायची: चीर, चपटेपणा, केस. एक केस, खरोखर एकच, राहिला तरी पाणी आत जाऊ शकतं. त्याच्या यंत्राच्या खाचेत मिठाचा बारीक कण सापडला, तो कापसाने निघाला. नव्या ओ-रिंगला ग्रीस इतकंच लावायचं की ती चमकेल. ढेकूळ राहिलं तर तेच कचरा धरून ठेवतं. नाण्याच्या आकाराचा २०३२ सेल कुठल्याही विजेच्या दुकानात मिळतो, पण २४३० मालवणात हमखास मिळेल असं नाही. म्हणून चांगल्या कंपनीचे चार सेल कोल्हापुरातून एकदमच आणून ठेवले. सेल बदलायचा तोही सुट्टीच्या दिवशी, शरीरातला नायट्रोजन उतरल्यावर, कारण सेल काढल्यावर हिशोब पुसला जाण्याची शक्यता असते.

कोल्हापूरच्या फेरीवरून एक गोष्ट सांगून ठेवतो. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे आणि कोल्हापूरही साडेपाचशेच्या आसपास. ३०० मीटरच्या वर गेलं की डाइव्हिंगच्या दृष्टीने ती उंची धरतात, कारण तिथे हवेचा दाब कमी असतो. दिवसभर खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी मोटरसायकलवरून घाट चढणं चांगलं नाही. विमानाचा नियम सगळे पाठ म्हणतात, एका डाइव्हनंतर उडण्याआधी किमान १२ तास थांबायचं आणि अनेक डाइव्ह किंवा सलग दिवसांनंतर १८; घाटाचा विचार मात्र आपल्याकडे फारसा कोणी करत नाही.

होडीवरची एक सवय त्याला मोडावी लागली. संध्याकाळी सगळं सामान गोड्या पाण्याच्या पिंपात टाकून घरी जायचं आणि सकाळी काढायचं, अशी पद्धत आहे. पाण्याच्या स्पर्शाने जागे होणारे कॉम्प्युटर रात्रभर पिंपात राहिले की सेल खात बसतात. आता तो कॉम्प्युटर धुतो, पुसतो आणि घरी नेतो.

आणखी एक बोलणं आधीच करून ठेवलं. डेको स्टॉप, म्हणजे नो-डेको वेळ ओलांडल्यावर वर येताना सक्तीने घ्यायचा थांबा, चुकला तर असे कॉम्प्युटर एक-दोन दिवस कुलूप लावून बसतात. खोली आणि वेळ दाखवतात, हिशोब देत नाहीत. अंदमानात नोकरीवर असताना हे झालं तर मालक म्हणेल, दुसरा कॉम्प्युटर लाव आणि चल. त्याने तसं करायचं नाही. ज्या यंत्राला तुमची चूक ठाऊक आहे ते काढून, ज्याला काहीच ठाऊक नाही ते बांधणं म्हणजे स्वतःशी खोटं बोलणं. दिवसाची मजुरी गेली तरी चालेल. श्री विजयपुरमचं, म्हणजे पोर्ट ब्लेअरचं, नौदलाचं धन्वंतरी रुग्णालय आणि तिथलं रिकम्प्रेशन चेंबर (बुडबुड्यांच्या त्रासावर दाबाखाली उपचार करायची खोली) हॅवलॉकपासून बोटीच्या अंतरावर आहे. मालवणहून तर चेंबर गाठायला काही तासांचा रस्ता. हे सांगताना त्याची आईही बसली होती. तिने त्याला मालवणीत माझ्यापेक्षा कडक शब्दांत तेच पुन्हा ऐकवलं.

डाइव्हमास्टरचा कोर्स संपत आला आहे. वर येण्याच्या वेगाचा बझर सुरुवातीला रोज वाजायचा, आता क्वचित वाजतो. वहीतल्या 'किती वेळा वर आलो' या रकान्यातले आकडेही उतरले आहेत, कारण दोन गाईडांनी काम वाटून घेतलं. पुढचं काम नायट्रॉक्सचं. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणावर, ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बार ही मर्यादा धरून, साधारण ३३ मीटरपर्यंतच जाता येतं, हे त्याला तोंडपाठ आहे. पण टाकी स्वतः तपासून येणारा आकडा त्या एका बटणाने प्रत्येक डाइव्हआधी यंत्रात भरायचा, हा सराव बाकी आहे. तो अंदमानची बोट पकडण्याआधी इथेच, किनाऱ्यावर बसून करून घ्यायचा आहे.